दादाला मी घरी आणलं

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण असो नसो, आवाज वरच्या पट्टीतच. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिल्याच सकाळी मी सासूबाईंना विचारलं, मीठ कुठं ठेवलंय, तर त्या बिचाऱ्या दचकून मागं सरकल्या. त्यांना वाटलं, सून आल्या आल्या भांडायला उठली. भिवंडीच्या नारपोलीत आमचं घर आणि आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, गाळा यांच्यात एकच भिंत होती आणि तीही नावापुरती. पलीकडं लूम सुरू झाले की इकडं फळीवरची ताटं थरथरत पुढं पुढं सरकायची आणि आई येता-जाता ती हातानं मागं लोटायची. बाबांनी खाडीकाठचं शेत विकून लूम टाकले होते. पण पोटानं ते शेतकरी आणि खाडीचेच राहिले. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण असलं की बाबा दोन भाकऱ्या जास्त खायचे, काट्यांचा ढीग ताटाच्या कडेला नीट रचायचे आणि त्या वेळी त्यांच्याशी काहीही बोलता यायचं. त्यांच्या तोंडावर सुताची बारीक पांढरी लव असायची, भुवयांवर, मिशांवर. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचे बाप असेच पांढऱ्या भुवयांचे असतात.

तेव्हा भिवंडीत वीज जायची ती तासन्‌तास. वीज गेली की अख्खी नारपोली एका क्षणात गप्प व्हायची. कानांना ती शांतता सहनच व्हायची नाही. बोलणाऱ्यांच्या लक्षात यायच्या आधी त्यांची एक-दोन वाक्यं तशीच मोठ्यानं निघून जायची आणि मग गल्लीभर हसू. समोरची काकू एकदा तिच्या जावेबद्दल काय काय बोलत होती आणि नेमकी वीज गेली. जाऊ दारातच उभी. पुढं कितीतरी दिवस आम्ही पोरं ते वाक्य म्हणून हसत होतो. वीज परत आली की मात्र सगळी पोरं 'आली, आली' करत नाचायची, कारागीर विड्या विझवून आत पळायचे. आमचा दादा तेवढा नाचायचा नाही. तो हळूच कुठंतरी सरकून बसायचा, पाण्याच्या पिंपामागं नाहीतर मोरीपाशी.

त्याचं कारण असं होतं की दादाला बाबा लूम चालू असतानाच मारायचे. शांततेत बाबांचा हात उठला की आई त्यांचं मनगट धरायची. "आता नको. लोक आयकतील. लाइट येऊ दे." आई हे त्याला वाचवायला म्हणायची असं मी किती वर्षं धरून चालले होते. कदाचित सुरुवातीला असेलही तसं, बाबांचा राग तेवढ्यात उतरेल अशी तिची आशा असेल. पण बाबांचा राग उतरत नसे, तो मुरायचा. दाराआड खिळ्याला लूमचा एक जुना चामडी पट्टा टांगलेला असे. लूमची खटखट सुरू झाली की बाबा उठायचे, दार लोटायचे आणि पट्टा काढायचे. "आवाज नको," एवढंच म्हणायचे. प्रत्येक फटक्याबरोबर तेच. आवाज नको. खरं तर त्या खटखटीत कोण काय ऐकणार होतं? तरी पण तेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आमच्याकडं अगदी शब्दशः चालायचा. कारण कसलंही पुरायचं. लूमवर धागा तुटला आणि दादाच्या लक्षात आलं नाही, चहा आणताना सांडला, क्लासहून उशीर झाला. कधी कधी कारण काय होतं ते बाबांनाच वीज येईपर्यंत आठवत नसे, पण मार ठरलेला असे.

मला त्यांनी कधी हात लावला नाही. पोरीच्या जातीला हात लावायचा नाही, पोर म्हणजे घरची लक्ष्मी, असं बाबा चारचौघांत छाती काढून सांगायचे, आणि मलाही त्याचा अभिमान होता, लाज वाटते सांगायला. पलीकडच्या खोलीत पट्टा चालू असताना मी जेवत असायचे. आई वाढायची आणि मी जेवायचे. बोंबील मला फार आवडायचे, ताज्या बोंबलाचा काटासुद्धा मऊ असतो. ते चावत मी भिंतीकडं पाठ करून बसायचे. हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, अगं, लहान होतीस तू. हो, होते लहान. पण भूक मेली नव्हती माझी, हे मला कसं विसरता येईल?

शकूरचाचा म्हणून एक म्हातारे कारागीर आमच्याकडं होते. त्यांनी एकदा बाबांना म्हटलं, "सेठ, बच्चा है, छोड दो." बाबांनी त्यांना दुसऱ्या दिवशीच कामावरून काढलं. बाबांचं ठरलेलं बोलणं होतं, "मना माज्या बापानं झाडाला बांदून मारलाय. मी बिगडलो का?" ते बिघडले होते की नव्हते, ते दादाच्या पाठीवर दिसत होतं. पण पाठीवर शर्ट असतो.

माझं दहावीचं वर्ष होतं. दादा माझ्याहून दीडएक वर्षानं मोठा, अकरावीत नावापुरता. त्याला दोन-तीन मित्र मिळाले होते आणि ते शेजारच्या गाळ्यांतून सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, उचलून विकायचे. एवढ्यावर राहिलं असतं तर कानाखाली देऊन लोकांनी सोडून दिलं असतं. पण एका दुपारी त्याला एका गाळामालकाच्या पुतण्यानं पकडलं आणि दादानं हाताला लागली ती लोखंडी सळी त्याच्या दंडावर घातली. हाड मोडलं. पोरगं ओरडत खाली बसलं, तरी दादा मारत राहिला, चार माणसांनी ओढून काढला त्याला. पोलीस आले. वय कमी म्हणून त्याला लॉकअपमध्ये न ठेवता मुलांच्या कोर्टात नेलं आणि तिथून रिमांड होममध्ये पाठवलं. घराला काळिमा लागला म्हणून आईनं डोक्याला पदर बांधून घेतला आणि दोन दिवस चूल पेटवली नाही.

दादा नसलेलं घर कसं असतं ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. बाबा गाळ्यातून घरात, घरातून गाळ्यात अशा येरझाऱ्या घालायचे. धागा तुटला की कारागिरांवर खेकसायचे, पण कारागिरांना मारून कसं चालेल, ते सोडून जातील. आईवर हात उचलला तर पडघ्याचा मामा दारात येऊन उभा राहील. असा कितीतरी दिवसांचा तो राग घरात हिंडत होता, त्याला जागा मिळत नव्हती. एका संध्याकाळी मी त्यांना चहा दिला. चहात साखर विसरले होते. बाबांनी कप खाली ठेवला, उठले आणि माझ्या कानाखाली मारली. एकच. मी फळीवर आपटले, ताटं खाली पडली. लूम चालू होते, कुणाला काही कळलं नाही. बाबा स्वतःच्या हाताकडं बघत राहिले आणि मग गाळ्यात निघून गेले. कानात कितीतरी वेळ शिटी वाजत होती. आईनं ताटं गोळा केली, माझ्या गालाला ओला फडका लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिन्या आला घरी म्हंजे सगला पह्यल्यासारका व्हईल गो." मला तेव्हाच कळलं ती काय म्हणत होती ते. कळलं नाही असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

त्याच आठवड्यात आई आणि मी दादाला भेटायला गेलो. मला वाटलं होतं, तो रडेल, घरी न्या म्हणेल. तो तर चक्क भरला होता. गालांवर मांस आलेलं, केस बारीक कापलेले. तिथं सकाळी प्रार्थना असते, संध्याकाळी कॅरम, आणि सुतारकाम शिकवतात, असं तो घाईघाईनं सांगत होता. आई सोबत आणलेली पुरणपोळी दारावरच्या शिपायाला दाखवायला गेली तेवढ्यात तो माझ्याजवळ सरकला.

"वने, हिकडं मना झोप लागते," तो म्हणाला. मग म्हणाला, "एक बाई येनार हाईत घरी, कोर्टाच्या चौकशीला. मी त्यांना सगळं सांगितलाय. पन घरातल्या कुनी सांगितल्याबिगर त्यांना कायच करता येत न्हाय. तू सांग. मना मामाकडं ठेवतील त्या. मामाला इचारलाय त्यांनी, तो हो बोलला."

"मामा का नाही सांगत मग?"

"त्यानं डोळ्यांनी कुटं बगितलाय? आनि मेव्हण्याच्या इरोधात तो बोलनार हाय व्हय? तू बगितलाय."

मी मान हलवली. हो की नाही, असं काही त्या हलवण्यात नव्हतं. त्यानं मात्र हो धरलं. इतका हसला तो.

बाई शुक्रवारी आल्या. शुक्रवारी आमच्याकडं लूमना सुट्टी, सगळीकडं सामसूम. आईनं सकाळपासून घर सारवल्यासारखं पुसून घेतलं होतं. "झाकली मूठ सवा लाखाची," ती मला पुन्हा पुन्हा बजावत होती. बाईंसाठी तिनं चिंबोरीचं कालवण केलं होतं आणि बाई निघाल्या शाकाहारी. त्यांनी शेवटी लोणच्याशी भाकरी खाल्ली, आणि ती आवडल्याचं मनापासून सांगितलं. साध्या होत्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, चप्पल तुटून शिवलेली. बाबा त्यांच्याशी हात जोडून बोलले. पोरगा संगतीनं गेला, आमच्या घरात असलं काही नाही. मग बाई मला घेऊन गाळ्यात बसल्या, बंद लूमच्या मध्ये स्टूल ओढून. "वनिता, तुझ्या भावाला घरात मारतात का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. भिंतीपलीकडं बाबा खोकले. त्या शांततेत मी श्वास घेतला तरी तो पलीकडं ऐकू गेला असता. मी म्हणाले, "नाही."

हे इथंच संपलं असतं तर माझी बाजू जरा तरी लंगडत उभी राहिली असती. घाबरली होती पोर, बाप भिंतीआड, काय करील? मी नवऱ्याला सांगताना कितीतरी वर्षं एवढंच सांगत आले. पण बाई हुशार होत्या. निघताना म्हणाल्या, "मला नाक्यापर्यंत सोडायला ये, इथल्या गल्ल्या कळत नाहीत." धामणकर नाक्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. भोवती रिक्षावाले कल्याण-कल्याण ओरडत होते, ट्रक हॉर्न मारत होते. आमचं बोलणं ऐकणारं तिथं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता सांग. घरी कुणाला कळणार नाही, मी शब्द देते. तू सांगितलंस तर त्याला मामाकडं पाठवता येईल."

मी रसाचा ग्लास तसाच हातात धरून म्हणाले, "आमचे बाबा देवमाणूस आहेत. दादाच खोटारडा आहे, लहानपणापासून."

"त्याच्या पाठीवर वळ आहेत गं, जुने."

"ते लूमचं आहे. पट्ट्यात शर्ट अडकला होता त्याचा."

हे मला कसं सुचलं? कुणी शिकवलं नव्हतं. आईलासुद्धा इतकं सुचलं नसतं. पट्ट्यात कपडा अडकून माणूस ओढला जातो, कातडं सोलवटतं, हे भिवंडीत प्रत्येकानं पाहिलेलं असतं. चौकशी करत हिंडणाऱ्या बाईंनीही पाहिलं असणार. त्यांचा चेहरा जरा सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. असं आहे तर, म्हणाल्या. रिक्षात बसल्या आणि गेल्या. मी उरलेला रस पिऊन टाकला.

आता माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणते, आई, तुला भाऊ परत हवा होता म्हणून तू तसं बोललीस. फार छान वाटतं तसं ऐकायला. नाही बाई. मला भाऊ हवा होता असं म्हणणं म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोलणं. माझ्या कानातली शिटी अजून गेली नव्हती आणि घरात कुणीतरी मार खाणारं हवं होतं, जे मी नसेन. नाक्यावर उभी राहून मी दादाला घरी आणलं ते एवढ्यासाठी.

दादा घरी आला त्या दिवशी आईनं गोडाचं केलं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवसापासून सगळं आईच्या भाषेत पहिल्यासारखं झालं. पट्टा, दार, आवाज नको. माझ्या वाटेला पुन्हा कधी काही आलं नाही. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले, बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. दादाचा मार मात्र आता वेगळाच दिसायचा. तो रडायचा नाही, वाकायचाही नाही, नुसता बाबांकडं बघत उभा राहायचा. बाबाच दमून थांबायचे. एक दिवस तो राहनाळला गोदामात माल चढवायला गेला तो तिकडचाच झाला. कधी तरी आईला फोन करायचा. त्याची संगत कसली आहे ते लोकांकडून कळायचं.

मग ते गोदामाचं झालं. चोरी करायला चौघं गेले होते. रखवालदार जागा झाला. बाकीचे तिघं पळाले आणि दादा पळाला नाही. रखवालदार खाली पडल्यावरही तो मारत राहिला. त्या माणसाचा एक डोळा गेला, उजवा हात कायमचा वाकडा झाला. कोर्टात मी गेले होते, मागच्या बाकावर बसले होते. रखवालदार साक्षीला उभा राहिला. वकिलानं विचारलं, आरोपी काही बोलत होता का? तो म्हणाला, "हां साहब. हर बार मारता था और बोलता था, आवाज नको. मराठी में. मैं तो चिल्ला भी नहीं रहा था." न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या शेजारी त्या माणसाची बायको बसली होती, मांडीवर लहान पोर. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. तिनं मला सरकून जागा दिली होती.

मार खाल्लेली सगळी पोरं काही डोळे फोडत हिंडत नाहीत, हे मलाही कळतं. त्याच गल्लीतली कितीतरी पोरं पट्टे खाऊन आज दुकानं चालवतात. दादानं जे केलं ते दादानं केलं, त्याची मोठी शिक्षा त्याला झाली आणि ती बरोबर झाली. त्या माणसाच्या डोळ्यापुढं माझ्या भावाची पाठ आणून उभी करायचा मला हक्क नाही. पण एक वाट मामाच्या अंगणात जात होती आणि एक आमच्या घरी. त्यातली कुठली ते दाखवायला मला उभं केलं होतं. आज बाबा माझ्याकडंच असतात. लूम भंगारात गेले. नात लहान असताना तिला ते मांडीवर बसवून भाकरी भरवायचे तेव्हा मी तो हात बघत बसायचे. इतका मऊ झाला होता तो हात. "दिन्या कवा येल?" ते अधूनमधून विचारतात आणि मला उठून आत जावं लागतं.

जेलमध्ये दादाला भेटायला मी नेहमी जायचे, पण हे बोलायचं धाडस व्हायला फार वर्षं गेली. एका भेटीत घरचं सगळं सांगून संपलं, आईचे गुडघे, मामाच्या पोराचं लग्न, आणि तरी वेळ उरला. जाळीच्या पलीकडं तो वाट बघत बसला होता. केस पांढरे व्हायला लागले होते.

"दादा, त्या बाईंना मी खोटं सांगितलं होतं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "तवाच म्हाईत व्हतं. घाबरली व्हतीस तू."

"घाबरून नाही. म्हणजे, बाई मला नाक्यावर घेऊन गेल्या होत्या, तिथं ऐकणारं कुणी नव्हतं, तरी मी सांगितलं नाही. तू नव्हतास तेव्हा बाबांनी मला मारलं. म्हणून तू परत यायला हवा होतास मला. माझ्या जागी."

हे त्याला ठाऊक नव्हतं. जाळीवरचा त्याचा हात खाली आला.

"बाबानं? तुना?"

"हो."

"कितीदा?"

"एकदा," मी म्हणाले. तोंडातून तो शब्द काढताना मला वाटलं, आता हा थुंकेल, उठून आत निघून जाईल, आणि गेला तर बरं होईल. तो गेला नाही. जाळीशी आणखी पुढं वाकला आणि हळू आवाजात त्यानं विचारलं, "लय लागला का गो तुना?"